केमोचं गणित: दोन सायकलींमध्ये २१ दिवस कशासाठी?

स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी झाली, तरी डॉक्टर म्हणतात अजून चार सायकली, म्हणजे औषधाचा डोस आणि त्यानंतरचे सावरण्याचे दिवस अशा चार फेऱ्या, बाकी आहेत. केमो घेऊन आठवडा झाला, माणूस जरा सावरला, आणि नेमका तेव्हाच ताप भरला. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे केस गेले, आपल्या आईचे गेले नाहीत. मग आईला औषध लागू पडत नाहीये का? केमोथेरपी सुरू असलेल्या घरांत असे प्रश्न रोज निघतात आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर विचारायचे राहून जातात.

यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं एकाच हिशोबात सापडतात: औषधाने पेशी किती मरतात आणि दोन डोसांच्या मध्ये किती भरून येतात. तो हिशोब कळला की केमोचं वेळापत्रक कळतं, तिचे त्रास कळतात आणि जपायचं कधी हेही कळतं. माझं मुख्य म्हणणं सुरुवातीलाच सांगते. केमोतला सर्वात जोखमीचा दिवस सलाईन लावण्याचा नसतो. तो त्यानंतर साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास येतो, माणूस घरी असताना, आणि बऱ्याचदा सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना.

केमो शरीरात नेमकं काय करते

शस्त्रक्रिया आणि रेडिएशन हे जागेवरचे उपचार. गाठ कुठे आहे ते माहीत असतं, तिथेच सुरी किंवा किरण पोचवायचे. पण कॅन्सरच्या काही पेशी गाठीतून सुटून रक्तावाटे फुप्फुसात, यकृतात, हाडांत जाऊन बसल्या असतील, तर त्या कुठे आहेत हे कोणत्याही तपासणीत दिसत नाही. अशा वेळी रक्तातून सगळीकडे पोचणारं औषध लागतं. पेशींची वाढ थांबवून त्यांना मारणाऱ्या अशा औषधांचा जो मोठा जुना गट आहे, त्याला आपण केमो म्हणतो.

एका पेशीच्या दोन होताना तिला आधी आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल करावी लागते आणि मग दोन्ही प्रती दोन टोकांना ओढून न्याव्या लागतात. केमोची औषधं या कामात वेगवेगळ्या ठिकाणी अडथळा आणतात. सायक्लोफॉस्फामाइड आणि सिस्प्लॅटिन डीएनएलाच चिकटतात, त्यामुळे नक्कल करता येत नाही. मेथोट्रेक्सेट आणि फ्ल्युरोयुरॅसिल ही औषधं नक्कल करायला लागणारा कच्चा माल तयार होऊ देत नाहीत. डॉक्सोरुबिसिन डीएनएचा पीळ सोडवण्याचं काम अर्ध्यावर अडकवतं. व्हिनक्रिस्टिन आणि पॅक्लिटॅक्सेल, प्रती ओढून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांवर घाव घालतात.

‘केमो वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आपल्या हाडांच्या पोकळीत असलेली अस्थिमज्जा, म्हणजे रक्त तयार करणारा मऊ भाग, पुष्कळशा कॅन्सरपेक्षा जास्त वेगाने पेशी बनवते. फक्त वेगाचाच प्रश्न असता तर आधी मज्जाच संपली असती. ती संपत नाही याची कारणं दोन. मज्जेतल्या मूळ पेशी बहुतांश वेळ निवांत असतात, त्यामुळे औषधाच्या तडाख्यातून वाचतात आणि नंतर नवी फळी उभी करतात. शिवाय निरोगी पेशीचा डीएनए बिघडला तर ती थांबते आणि दुरुस्ती करते. कॅन्सरच्या पेशीत हीच थांबण्याची आणि दुरुस्तीची यंत्रणा अनेकदा मोडलेली असते. बिघडलेल्या डीएनएसह ती तशीच पुढे विभागायला जाते आणि त्यात मरते. निरोगी पेशी लवकर सावरतात, कॅन्सरच्या पेशी तेवढ्या चांगल्या सावरत नाहीत. केमोचा सगळा उपचार सावरण्यातल्या या फरकावर उभा आहे.

विषातून औषध कसं आलं

केमोला विष म्हणणाऱ्यांना इतिहासाचा आधार आहे. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांच्या मज्जेतल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या आढळल्या होत्या. त्या धाग्यावरून १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी या वायूच्या जवळचं एक रसायन लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या, एका रुग्णाला दिलं. गाठी वितळल्या, काही आठवड्यांनी परत आल्या. युद्धामुळे ही माहिती गुप्त ठेवली गेली आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली.

१९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन दिलं आणि १० मुलांमध्ये आजार काही काळ मागे हटला. फॉलिक आम्लाला रोखणारी ही औषधं ज्या कंपनीतून आली, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भारतात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या मुलांचा आजारही परत आला. पण त्याआधी या आजारात काही करताच येत नव्हतं. १९५६ मध्ये रॉय हर्ट्झ आणि मिन चिउ ली यांनी मेथोट्रेक्सेट देऊन वारेच्या पेशींपासून होणारा, शरीरात पसरलेला कॅन्सर पूर्ण बरा करून दाखवला. निव्वळ औषधाने घट्ट गाठीचा कॅन्सर बरा होतो, हे तेव्हा सिद्ध झालं.

या पहिल्या अपयशांतून डॉक्टर जे शिकले, ते आजच्या प्रत्येक सायकलीच्या मुळाशी आहे. आजार हटतो आणि परत येतो, तो का?

गाठ गेली, मग अजून चार सायकली कशाला?

एक सेंटीमीटरच्या गाठीत साधारण १०० कोटी पेशी असतात. समजा, केमोच्या एका डोसाने ९९ टक्के पेशी मरतात. हा आकडा फक्त हिशोबासाठी घेतलाय, प्रत्यक्षात तो आजारानुसार खूप बदलतो. पहिल्या डोसानंतर उरल्या १ कोटी. एवढ्या पेशींची गाठ जेमतेम दोन मिलिमीटरची होते. स्कॅनमध्ये ती बहुतेक दिसायचीच नाही. घरच्यांना वाटतं, गेली. दुसऱ्या डोसानंतर १ लाख, तिसऱ्यानंतर १ हजार, चौथ्यानंतर १०.

औषध दर वेळी ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक प्रमाणात मारते. म्हणून १०० कोटींवरून १ कोटीवर यायला जेवढा डोस लागतो, तेवढाच हजारावरून दहावर यायला लागतो. डोळ्यांना दिसणारी सगळी प्रगती पहिल्या एक-दोन सायकलींत होऊन जाते आणि न दिसणारं काम पुढच्या सायकलींत होतं. अर्धवट थांबलेल्या केमोत फसगत होते ती इथेच.

आता यात दुसरी बाजू मिळवा. दोन डोसांच्या मधल्या दिवसांत उरलेल्या पेशी पुन्हा वाढत असतात. जिवंत झऱ्यांची विहीर उपसण्यासारखंच हे. पंप थांबला की पाणी चढतं. दोन उपशांमधला वेळ फार लांबला तर तुम्ही सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी असता. पंप सतत चालवला तर तो जळतो. इथे पंपाच्या जागी रुग्णाची स्वतःची मज्जा आहे.

म्हणून २१ दिवस. मज्जेला सावरायला साधारण तीन आठवडे लागतात; तेवढा वेळ रुग्णाला दिला जातो आणि त्याहून एक दिवसही कॅन्सरला जास्त द्यायचा नसतो. सगळ्याच औषधांना तीन आठवडे लागत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल कमी मात्रेत दर आठवड्याला देतात, काही पद्धती २८ दिवसांच्या असतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काही वेळा हेच अंतर १४ दिवसांवर आणतात, पण तेव्हा मज्जेला चालना देणारं इंजेक्शन सोबत द्यावंच लागतं, कारण चौदा दिवसांत ती एकटीने सावरत नाही.

दोन-तीन औषधं एकत्र देण्याचं कारणही याच हिशोबात आहे. समजा, दहा लाखांतली एक पेशी पहिल्या औषधाला दाद देत नाही आणि तशीच दहा लाखांतली एक दुसऱ्या औषधाला. १०० कोटींच्या गाठीत पहिल्या औषधाला पुरून उरणाऱ्या हजार पेशी आधीपासूनच असतील. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारी पेशी एक लाख कोटींत एक. तेवढ्या पेशी गाठीत नसतातच. औषधं निवडताना त्यांचे त्रास शक्यतो वेगवेगळ्या अवयवांवर होतील असंही पाहतात, म्हणजे सगळा भार एकावर येत नाही.

केमोच्या दिवशी खाटेजवळ काय चाललेलं असतं

स्तनाच्या कॅन्सरमधली एक नेहमीची जोडी घ्या, डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड. सकाळी आधी वजन घेतात. ते नुसता रिवाज म्हणून नसतं. बहुतेक केमोची मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर काढतात आणि ते उंची व वजनावरून मिळतं. १५५ सेंटीमीटर उंची आणि ५८ किलो वजन असेल तर क्षेत्रफळ १.५८ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम, म्हणजे या बाईंना ९५. वजन बरंच उतरलं की मात्रा बदलते, म्हणून दर वेळी काटा.

रक्ताचा रिपोर्ट बघून झाला की उलटी थांबवणारी औषधं आधी जातात. त्यानंतर लालभडक औषधाची सिरिंज येते. सिस्टर नाव आणि रुग्ण क्रमांक पुन्हा विचारतात, दुसऱ्या सिस्टरकडून पडताळून घेतात, सुई शिरेत नीट आहे का हे रक्त ओढून बघतात आणि मग वाहत्या सलाईनमध्ये ते औषध हळूहळू सोडतात. हा सगळा सोपस्कार गरजेचा आहे, कारण हे औषध शिरेबाहेर गेलं तर आजूबाजूचं मांस जळतं. सुईच्या जागी जळजळ, दुखणं, सूज, काहीही जाणवलं तर त्याच क्षणी सांगायचं. ‘बघू, थांबेल’ म्हणून गप्प बसायचं नाही. शिरा नाजूक असतील तर छातीच्या कातडीखाली बसवलेलं पोर्ट किंवा दंडातून घातलेली पिक लाइन यासाठीच असते.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी लघवी लाल दिसते. ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे. औषधाचा अंश साधारण दोन दिवस लघवीतून, शौचातून, उलटीतून बाहेर पडतो. तेवढे दिवस ते साफ करताना हातमोजे घालावेत. याचा अर्थ रुग्णाला शिवायचं नाही असा मुळीच होत नाही. जवळ बसणं, मिठी मारणं, एकत्र जेवणं यात कसलाही धोका नाही, आणि कॅन्सर संसर्गाने पसरत नाही.

दहावा दिवस

आता जोखमीच्या दिवसाकडे येऊ. मज्जा रोज साधारण १० हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते. न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंवर सर्वात आधी तुटून पडणाऱ्या पांढऱ्या पेशी. रक्तात त्या फार थोडा काळ टिकतात, काही तासांपासून जेमतेम दिवसभर. लाल पेशी १२० दिवस जगतात, रक्त गोठवायला मदत करणाऱ्या प्लेटलेट आठ-दहा दिवस. केमोने मज्जेतलं उत्पादन थांबलं की ज्या पेशी सर्वात कमी जगतात त्यांची टंचाई सर्वात आधी. म्हणून न्यूट्रोफिल आधी पडतात, प्लेटलेट त्यांच्या मागोमाग, आणि अशक्तपणा आणणारी लाल पेशींची घट हळूहळू, सायकलीमागून सायकल साचत जाते.

आकडा तळाला जातो तो बहुतेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान. तोवर उलट्या थांबलेल्या असतात, तोंडाला जरा चव आलेली असते. माणसं येऊन जाऊन बघून जातात. आणि शरीर जंतूंसमोर उघडं पडलेलं असतं.

हा आकडा रिपोर्टवरून तुम्ही स्वतः काढू शकता. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के, भागिले शंभर. पांढऱ्या पेशी १८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के असतील तर ३९६. पाचशेच्या खालचा आकडा म्हणजे मोठी जोखीम. पुढची सायकल द्यायला डॉक्टर साधारण हजार ते दीड हजारांच्या वरच्या आकड्याची आणि एक लाखाच्या आसपास प्लेटलेटची वाट बघतात. ‘काउंट कमी आले म्हणून केमो पुढे ढकलली’ याचा अर्थ एवढाच. त्यात आजार वाढल्याची खूण नसते.

न्यूट्रोफिल नसताना संसर्ग ओळखूही येत नाही. पू होतो तो या पेशींमुळेच. त्याच नसल्या तर पू नाही, सूज नाही, लाली नाही. फक्त ताप येतो, आणि कधी नुसती थंडी वाजते. म्हणून केमो सुरू असताना तोंडात लावलेल्या थर्मामीटरवर ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा आणि निघायचं. आधी पॅरासिटामॉल देऊन बघू, हा विचार सोडून द्यायचा. त्या गोळीने आकडा खाली येईल, संसर्ग तसाच वाढत राहील. दवाखान्यात पोचल्यावर ‘केमो चालू आहे, अमुक तारखेला शेवटची झाली’ हे पहिलं वाक्य असू द्या. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. वेळेत सुरू झालं तर बहुतेक लोक बरे होऊन घरी येतात. उशीर झाला तर काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. केमोच्या काळात टाळता येण्याजोगे मृत्यू बघितले तर त्यात हा उशीर फार वेळा दिसतो, आणि म्हणूनच या एका मुद्द्यावर मी इतकी अडून बसले आहे.

बाकी काळजी साधीच. हात धुणं, अन्न नीट शिजवणं, फळं स्वच्छ धुणं, सर्दी-खोकला असलेल्या पाहुण्यांना पुढच्या आठवड्यात बोलावणं. कच्चं सगळं बंद करण्याच्या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आधीच मंदावलेली भूक तेवढी आणखी मरते. मज्जेला चालना देणारं इंजेक्शन मिळालं असेल तर कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. मज्जा कामाला लागल्याची ती खूण आहे.

केस, तोंड, पोट, बोटं

डोक्यावरचे दहापैकी जवळपास नऊ केस कोणत्याही क्षणी वाढीच्या अवस्थेत असतात, म्हणून ते औषधाच्या तडाख्यात सापडतात. पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात, सुरुवातीला कधी कुरळे, कधी वेगळ्या रंगाचे. मात्र सगळ्याच औषधांनी केस जात नाहीत. तोंडाच्या आणि आतड्यांच्या अस्तराचंही तसंच. ते काही दिवसांत नवं होत असतं, ते थांबलं की तोंड येतं, जुलाब होतात. फ्ल्युरोयुरॅसिल एकदम शिरेत देतात तेव्हा तोंडात बर्फाचे तुकडे धरले तर तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. इतका साधा उपाय, पण तो अभ्यासांत खरा ठरलेला आहे.

उलट्यांबद्दलची भीती मात्र जुन्या काळातली आहे. सिस्प्लॅटिनने पूर्वी जवळपास प्रत्येकालाच उलट्या होत. औषधामुळे आतड्यातल्या काही पेशींतून सेरोटोनिन नावाचं रसायन सुटतं, ते मज्जातंतूंवाटे मेंदूला उलटीचा इशारा देतं. हा इशारा अडवणारं ऑन्डॅनसेट्रॉन १९९० च्या सुमारास आलं आणि चित्र पालटलं. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी येणारी मळमळ वेगळ्या वाटेने येते, तिला डेक्सामेथासोन, अप्रेपिटंट, ओलान्झापिन अशी निराळी औषधं लागतात. ती ठरलेल्या वेळेला घ्यायची असतात. मळमळ सुरू झाल्यावर घेऊ म्हटलं तर उशीर होतो.

हातापायांना मुंग्या का येतात? मज्जातंतूंच्या पेशी तर विभागत नाहीत. पण वर सांगितलेल्या त्या सूक्ष्म नळ्या मज्जातंतूंमध्येही असतात आणि त्यांच्यावरून पाठीच्या कण्यापासून पायाच्या बोटापर्यंत सामानाची ने-आण चालते. व्हिनक्रिस्टिन, पॅक्लिटॅक्सेल या नळ्याच बिघडवतात. सर्वात लांब तंतूंना आधी फटका बसतो, म्हणून सुरुवात बोटांच्या टोकांपासून. ऑक्झॅलिप्लॅटिनची गोष्ट निराळी. ते घेतल्यावर काही दिवस गार पाण्याच्या घोटाने घसा आवळल्यासारखा होतो, फ्रीजमधली बाटली धरली की बोटांत विजेसारख्या मुंग्या येतात. घाबरून जायला होतं, पण ते दर वेळी काही दिवसांत ओसरतं. बटण लावता येईना, पायातली चप्पल निसटलेली कळेना, असं होऊ लागलं तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. मात्रा वेळीच कमी केली नाही तर हा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

काही त्रास ठरावीक औषधांचे. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना आणि कानांना जड जातं, म्हणून त्याच्यासोबत भरपूर सलाईन. ब्लिओमायसिन फुप्फुसांना. डॉक्सोरुबिसिनचा परिणाम हृदयावर आणि तो आयुष्यभर साचत जातो. म्हणून आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात आणि चौरस मीटरला एकूण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या मर्यादेचं भान ठेवतात. वरच्या बाईंच्या चार सायकली म्हणजे २४०. बरीच सुरक्षित जागा उरते, पण पुढे कधी पुन्हा गरज पडली तर हा आकडा विचारला जाणार. कोणतं औषध एकूण किती गेलं, याचा कागद जपून ठेवा.

एक गोष्ट केमो सुरू होण्यापूर्वीच बोलायला हवी आणि संकोचापायी ती हमखास राहते. काही औषधांनी मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. तरुण मुलाचं वीर्य गोठवून ठेवायला एक-दोन दिवस पुरतात, तरुण बाईची स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा.

“काहीच त्रास झाला नाही. औषध लागतंय ना?”

लागू शकतं. त्रास होतो तो निरोगी पेशींना बसलेल्या फटक्याचा, आणि गाठीवर काय झालं ते स्कॅन, तपासणी आणि काही आजारांत रक्तातल्या खुणा सांगतात. केस गेले म्हणून औषध जोरदार आणि राहिले म्हणून कमजोर, असं काही नसतं. उलट बाजूनेही तेच: खूप त्रास झाला म्हणून उपचार चुकला असंही नाही. पण पहिल्याच डोसाला कुणी अगदी आडवं झालं, तर त्यामागे कारण असू शकतं. फ्ल्युरोयुरॅसिल आणि त्याच्याच जातीची कॅपेसिटाबिनची गोळी पचवणारं विकर (एन्झाइम) काही लोकांत जन्मतःच कमी असतं. त्यांना नेहमीची मात्रा जीवघेणी ठरू शकते. त्याची जनुकीय तपासणी आधी करता येते.

“इतकं विष घेण्यापेक्षा झाडपाला बरा नाही का?”

केमोतली कितीतरी औषधं झाडांतूनच आली. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन सदाफुलीतून, पॅक्लिटॅक्सेल अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून. पण ग्रॅमभर औषधासाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात आणि व्हिनक्रिस्टिनचा एक डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत, इतकी औषध आणि अपाय यांच्यातली फट अरुंद आहे. सदाफुलीची पानं चावून किती औषध पोटात गेलं हे कुणालाच कळणार नाही. केमोसोबत कोणताही काढा, चूर्ण किंवा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांपासून लपवू नका. रागावले तरी चालेल. यकृत या सगळ्याचा निचरा करतं आणि एका गोष्टीने दुसरीचं प्रमाण रक्तात वाढू किंवा घटू शकतं.

“नवी औषधं आलीत, मग केमो अजून का?”

काही आजारांत खरोखरच केमो मागे पडली आहे. एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये २००१ मध्ये आलेल्या इमॅटिनिबच्या गोळीने लोक वर्षानुवर्षं जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतात. प्रतिकारशक्तीला मोकळं सोडणाऱ्या इम्युनोथेरपीच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण नेम धरून मारणाऱ्या औषधांना गाठीत तो नेमका बिघाड असावा लागतो, आणि पुष्कळ गाठींत तो नसतो. इम्युनोथेरपीही सगळ्यांना लागू पडत नाही. बऱ्याच आजारांत ही नवी औषधं केमोच्या जोडीनेच दिली जातात. लहान मुलांचा रक्ताचा कॅन्सर आणि पसरलेला वृषणाचा कॅन्सर आज बहुतेकदा बरे होतात, ते मुख्यतः केमोच्याच बळावर.

केमो नको तिथे न देणंही डॉक्टर शिकत आहेत. स्तनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या लवकर सापडलेल्या कॅन्सरमध्ये गाठीतली २१ जनुकं तपासून धोक्याचा आकडा काढतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मधल्या आकड्याच्या पन्नाशीपुढच्या स्त्रियांना हार्मोनच्या गोळ्यांवर केमोची भर घालून फायदा दिसला नाही. तेव्हा ‘आम्हाला केमो खरंच लागेल का’ हा प्रश्न विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

बरं करण्यासाठी की दिवस वाढवण्यासाठी?

सुरुवातीलाच विचारावा असा प्रश्न मला विचाराल तर तो हा: या केमोचा हेतू काय? शस्त्रक्रियेआधी गाठ आकसवणं, शस्त्रक्रियेनंतर न दिसणाऱ्या पेशी निपटणं, किंवा केमोनेच आजार बरा करणं, या तिन्हींत ध्येय पूर्ण बरं होण्याचं असतं. तिथे मात्रा आणि वेळ शक्यतो ढळू देत नाहीत. त्रास सोसावा लागला तरी त्याच्या पलीकडे मोठं आयुष्य असतं. आजार पुरता पसरलेला असेल आणि बरा होणारा नसेल, तेव्हा केमो आयुष्य वाढवण्यासाठी आणि दुखणं, धाप, खोकला कमी करण्यासाठी असते. तिथे हिशोब बदलतो. त्रास फायद्याहून मोठा झाला की मात्रा कमी करायची, सुट्टी द्यायची, औषध बदलायचं किंवा थांबायचं. दोन्ही प्रकारांत खाट तीच, सलाईन तीच, लाल सिरिंजही तीच. त्यामुळे घरच्यांना फरक कळत नाही आणि बरं होणार या आशेवर दुसऱ्या प्रकारची केमो शेवटच्या आठवड्यांपर्यंत ओढली जाते. माणूस अंथरुणाला खिळल्यावर दिलेल्या केमोने सहसा आयुष्य वाढत नाही, उरलेले दिवस मात्र दवाखान्यात जातात.

थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे, याला आकड्यांचा आधार आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासूनच वेदनाशमन करणाऱ्या, धाप आणि मन सांभाळणाऱ्या पथकाची जोड दिली. त्यांना शेवटच्या काळात आक्रमक उपचार कमी मिळाले, उदासी कमी होती, आणि ते इतरांपेक्षा कमी नव्हे तर जास्त जगले: मध्यम आयुर्मान ११.६ महिने, इतरांचं ८.९. अशा पथकाची भेट केमो संपल्यावर मागायची नसते. पहिल्या सायकलीच्या सुमारासच मागता येते.